एका शब्दाला एक स्लिप

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९.१०

आजपासून मी कोश विभागाचा प्रमुख. गोडाऊनमधली बावीस वर्षं संपली. मालकांनी 'मार्चअखेरपर्यंत बघू' असं म्हटलंय, पण ती त्यांची बोलायची पद्धत. लग्नातसुद्धा त्यांनी बघूच म्हटलं असणार.

शाळेतल्या मुलांसाठी इंग्रजी-मराठी शब्दकोश काढायचाय. काम अकरा वर्षं रखडलंय. पडून राहिलेला माल नजरेने ओळखण्यात माझा हात धरणारा आपल्या प्रकाशनात दुसरा नाही, म्हणून मला वर आणलं. भाषेचं म्हणाल तर भाषा सगळ्यांनाच येते.

संकल्प. एक : पहाटे पाचला उठणे. दोन : रोज इंग्रजी डिक्शनरीची दहा पानं वाचणे. तीन : मूर्खांवर न चिडणे. तिसरा सर्वांत अवघड, संख्येमुळे.

संध्याकाळी ६.००

विभाग म्हणजे एक खोली, चार लोखंडी कपाटं आणि एक बाई. कपाटांत खण, खणांत स्लिपा. साधारण अकरा हजार. सगळ्या बाईंच्या हाताने लिहिलेल्या. बाईंनी चष्म्याला दोरी बांधलीय, ती जिभेला बांधायला हवी होती. कामाची पद्धत समजावायला चाळीस मिनिटं घेतली. इंग्रजीत म्हणे एकच शब्द कधी नाम असतो, कधी क्रियापद, कधी विशेषण, त्यामुळे शब्द जितकी कामं करतो तितक्या त्याच्या स्लिपा. मी पहिली दोन मिनिटं ऐकलं. मीही घरी नवरा, बाप आणि जावई आहे. माझं रेशनकार्ड एकच आहे.

दहा पानं राहिली. पहिलाच दिवस.

५ फेब्रुवारी, बुधवार

पाचला उठलो. साडेसहापर्यंत परत झोपलो, पण उठलो होतो हे महत्त्वाचं.

ऑफिसात एक खण सहज ओढला. 'राउंड' या एका शब्दाच्या पाच स्लिपा. पाच. पुढच्या खणात 'बॅक'च्या चार, 'फास्ट'च्या चार. बाई एकच शब्द पुन्हा पुन्हा लिहीत बसल्या आणि अकरा वर्षं पगार घेत राहिल्या. इतकी वर्षं हे कोणाच्या लक्षात आलं नाही. येणार कसं, इथे गोडाऊनचा अनुभव कोणाला आहे?

बाईंना फैलावर घेतलं. त्या म्हणाल्या की 'फास्ट' म्हणजे जलद, 'फास्ट' म्हणजे उपास, 'फास्ट' म्हणजे घट्टही. मी म्हटलं, तुम्ही एकदा ठरवा. त्यांनी चष्मा काढून पुसला. उत्तर सुचलं नाही की लोक चष्मा पुसतात.

नवीन नियम : तोंडी सूचना बंद. जे काही म्हणायचं ते लिहून माझ्या टेबलावरच्या ट्रेमध्ये ठेवायचं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

कन्या आठवीत. शाळेच्या इंग्रजी स्पर्धेसाठी वर्गातून तिची एकटीची निवड झाली. एकवीस मार्चला स्पर्धा. साडूला लगेच फोन केला. त्याच्या मुलाला अजून स्वतःचं आडनाव इंग्रजीत लिहिता येत नाही. मी तसं म्हटलं नाही, फक्त विचारलं की तो सध्या काय लिहितो.

कन्या गृहपाठ करत होती. 'वॉटर द प्लांट्स'चं मराठी तिने 'झाडांना पाणी घाल' असं केलं होतं. मी विचारलं, यात 'घाल' कुठून आलं? वॉटर म्हणजे पाणी. बास. ती म्हणाली की इथे ते क्रियापद आहे. बाई आमच्या घरातही शिरल्या म्हणायच्या. मी लाल पेनने 'घाल' खोडलं. तिने वही मिटली आणि दप्तरात टाकली. थोड्या वेळाने दुसऱ्या कागदावर काहीतरी लिहिताना दिसली. बहुतेक सुधारून लिहीत असावी.

हिने मधे तोंड घातलं की मुलीला मॅडम शिकवतात ना, तुम्ही कशाला. ही बँकेत असते. बँकेतल्या लोकांना शब्दांत काय कळणार.

१० फेब्रुवारी, सोमवार

मालकांना भेटलो. कोश जाडजूड झाला तर दप्तरात मावणार नाही ही त्यांची काळजी. मी विचारलं, निम्मा केला तर? मालक खुर्चीत पुढे सरकले. बावीस वर्षांत माझ्यासाठी ते पहिल्यांदा पुढे सरकले.

धोरण सांगितलं : एका शब्दाला एक स्लिप. मालक म्हणाले, बाईंना विचारलंत? मी सांगितलं की बाईंशी माझी रोज लेखी चर्चा चालू आहे. हे खरं आहे. ट्रेमध्ये त्यांच्या चिठ्ठ्या असतात.

डिक्शनरीची पानं अजून सुरू व्हायचीत. डोळ्यांवर ताण नको असं आता वाटायला लागलंय. शिवाय माझा कोश निघणारच आहे, दुसऱ्यांचा कशाला वाचा.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

ट्रे उघडला. बाईंच्या चार दिवसांच्या चार चिठ्ठ्या. चारींवर एकच मजकूर : स्लिपा कृपया काढू नयेत, प्रत्येक स्लिप वेगळी आहे. शब्दनशब्द तोच. म्हणजे बाईंना डुप्लिकेटची सवयच जडलीय. एक ठेवली, तीन फाडल्या. मग तीही फाडली, कारण मजकूर लक्षात राहिला होता.

बाई पुढचा आठवडाभर रजेवर. बहिणीचं ऑपरेशन. जाताना चारही कपाटांना कुलूप लावून किल्ल्या पर्समध्ये टाकल्या. विभागप्रमुखाच्या समोर. मी चिडलो नाही. संकल्प तीन.

१७ फेब्रुवारी, सोमवार

कुलूपवाला आणला. चार कुलपं सहा मिनिटांत. एवढीच काय ती बाईंची सुरक्षाव्यवस्था.

१९ फेब्रुवारी, बुधवार

काम झपाट्याने चाललंय. निवडीचा नियम मी स्वतः शोधला : एका शब्दाच्या जितक्या स्लिपा असतील त्यातली सर्वांत कमी मजकुराची ठेवायची. ज्याला नक्की माहीत असतं तो थोडक्यात लिहितो. उदाहरणार्थ 'कॅन'. एका स्लिपवर दोन्ही बाजूंनी मुंग्यांसारखी अक्षरं, शकणे काय, संभव काय, परवानगी काय. दुसरीवर एकच शब्द, डबा. किती स्वच्छ. डबा ठेवला. 'विल'चंही तेच. एका स्लिपवर भविष्यकाळ वगैरे पाल्हाळ, दुसरीवर मृत्युपत्र. 'मे'च्या एका स्लिपवर नुसता घोळ, दुसरीवर मे महिना. मे महिना म्हटल्यावर कोणाला शंका राहते का?

काढलेल्या स्लिपा स्वतःच्या हाताने कागद कापायच्या मशीनमध्ये घातल्या. गोडाऊनमध्ये न खपलेली पुस्तकं अशीच संपवायचो. मशीनचा आवाज ऐकून बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ऑफिसात काहीतरी काम चालल्याचा आवाज आला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

संपलं. अकरा हजारांतून चार हजार आठशे गेल्या. बाईंची अकरा वर्षं आणि माझे पाच दिवस. मालकांना आकडा सांगितला. त्यांनी चहा मागवला, दोन कप, म्हणजे एक माझ्यासाठी.

२४ फेब्रुवारी, सोमवार

बाई आल्या. बहिणीचं बरं आहे. पहिला खण उघडला, बोटांनी चाचपला, बंद केला. दुसरा उघडला. असं करत करत चारही कपाटं पाहिली. मग खुर्चीवर बसल्या आणि तासभर उठल्या नाहीत. अकरा वर्षांत या खोलीत इतकी शिस्त त्यांनी पाहिलीच नसणार. माणूस थक्क होतो.

जेवायच्या सुट्टीत त्यांनी विचारलं की काढलेल्या कुठे ठेवल्यात. मी मशीनकडे बोट दाखवलं. त्या मशीनपाशी गेल्या, खालची टोपली पाहिली. टोपली शुक्रवारीच रिकामी केली होती. स्वच्छतेबाबत मी कडक आहे.

दुपारी ट्रेमध्ये चिठ्ठी नव्हती. सुधारल्या.

३ मार्च, सोमवार

नमुना प्रत छापून आली. चाळीस पानं. रोजच्या वापरातले लहान लहान शब्द घेतले, कारण मुलंही लहान असतात. मुखपृष्ठावर तळाशी, संपादक, आणि पुढे माझं नाव. घरी नेऊन टेबलावर अशी ठेवली की येणाऱ्याला दिसावी. हिने तिच्यावर चहाचा कप ठेवला. कप उचलायला लावला.

आतली पानं मी तपासली नाहीत. छापखान्यातला जुळारी मात्र वाचताना हसत होता म्हणे. हाताला शाई लागलेल्या माणसांनी साहित्यावर हसावं, असे दिवस आलेत.

७ मार्च, शुक्रवार

मालक म्हणाले, मोठी छपाई करायच्या आधी एखाद्या शाळेत वापरून बघू. मी ताबडतोब कन्येची शाळा सुचवली. आठवीच्या वर्गात चाळीस मुलं. प्रत्येकाला एक प्रत, दहा इंग्रजी वाक्यं, भाषांतर कोश बघून. वाक्यं त्यांच्या मॅडम काढणार. उत्तरपत्रिकांवर नावं नकोत, नुसते नंबर, ही अट माझी. उद्या कोणी म्हणायला नको की संपादकाच्या मुलीला झुकतं माप दिलं.

चाचणी चांगली झाली की मार्चअखेर मी कायम. साडूला आजच सांगितलं की झालो.

१२ मार्च, बुधवार. सकाळी ७.१५

आज चाचणी. कन्येला समोर बसवून सांगितलं, तुझं इंग्रजी आज बाजूला ठेव. कोशात जे दिलंय तेच लिही. डोकं चालवू नकोस. वर माझं नाव आहे. तिने विचारलं की कोशातलं बरोबर नसलं तरी? मी विचारलं, कोश कोणी केलाय? ती म्हणाली, तुम्ही. मग झालं तर. तिने मान हलवली आणि दप्तर उचललं.

हिने दारातून हे सगळं ऐकलं आणि ही आत निघून गेली. सध्या माझ्यासमोरून बरेच लोक निघून जातात. पदाचा परिणाम.

१४ मार्च, शुक्रवार

उत्तरपत्रिका आल्या. हसावं की रडावं. 'आय विल कम'चं भाषांतर : मी मृत्युपत्र येणे. 'इट मे रेन' : ते मे महिना पाऊस. 'प्लीज बुक अ रूम' : कृपया पुस्तक एक खोली. 'हँड मी द बॅग' : हात मला पिशवी. आठवीची मुलं. देशाचं भवितव्य वगैरे म्हणतात ते हेच.

पण नीट बघितल्यावर खरी गोष्ट ध्यानात आली, आणि ती माझ्यासारख्याच्याच ध्यानात येऊ शकते. चाळीसपैकी सदतीस पत्रिका एकसारख्या आहेत. चुकाही त्याच, शब्दही तेच. सदतीस मुलांना एकाच वेळी 'मृत्युपत्र येणे' कसं सुचेल? सरळ सरळ कॉपी. फक्त तीन पत्रिका वेगळ्या, आणि त्या नेमक्या बरोबर. म्हणजे कोश नीट वापरणारी मुलं वर्गात तीनच.

बाईंना दाखवलं. त्या एकेक पत्रिका सावकाश वाचत गेल्या. मग म्हणाल्या की साहेब, ही तक्रार कुठे पाठवू नका. अर्थात. अकरा वर्षं त्याच त्या स्लिपा काढणाऱ्या माणसाला कॉपीत वावगं काय दिसणार.

मुख्याध्यापकांना कडक पत्र लिहिलं. सामूहिक कॉपी, शाळेची लाज, उदाहरण घालून द्यावं. सदतीस नंबरांची यादी जोडली. तीन प्रामाणिक विद्यार्थ्यांचा गौरव करावा असंही सुचवलं. पत्र हातोहात पोचतं केलं.

१७ मार्च, सोमवार

मुख्याध्यापक पाणीदार माणूस निघाले. उलट टपाली उत्तर : पत्राची गंभीर दखल घेतली आहे, यादीतल्या सर्व मुलांना शून्य, पालकांना बोलावणं, आणि त्यांपैकी कोणालाही या वर्षी शाळेबाहेरच्या स्पर्धेला पाठवलं जाणार नाही. उत्तर फाइलला लावलं. कामाची पोच मिळाली की बरं वाटतं.

कन्या घरी आल्यापासून खोलीत आहे. जेवली नाही. आईशी दार लावून काहीतरी बोलली. स्पर्धा चार दिवसांवर आली की भूक मरतेच. मी बाहेरूनच सांगितलं की घाबरू नकोस, बापावर गेलीस तर नंबर येईल. आतून हिने सांगितलं की कृपा करून जरा गप्प बसा. हिच्या तोंडून कृपा हा शब्द लग्नानंतर पहिल्यांदा ऐकला.

१९ मार्च, बुधवार. दुपारी ४.००

आजच्या नोंदीत फक्त घडलं ते.

अकराला कन्येच्या मॅडम ऑफिसात आल्या, थेट मालकांच्या केबिनमध्ये. मला आणि बाईंना बोलावणं. मॅडमनी नमुना प्रत उघडून मालकांसमोर ठेवली आणि पानं उलटत गेल्या. विल : मृत्युपत्र. मे : मे महिना. कॅन : डबा. वेल : विहीर. म्हणाल्या की सदतीस मुलांनी कोणाचंही बघितलेलं नाही, त्यांनी कोश बघितला. दिलेली आज्ञा पाळली. ज्या तिघांची उत्तरं बरोबर आली त्यांनी प्रत उघडलीच नव्हती. एकाने तर ती डुगडुगणाऱ्या बाकाच्या पायाखाली घातली होती.

मालकांनी बाईंना विचारलं की बाकीचे अर्थ कुठायत. बाई म्हणाल्या की होते. एवढंच. माझ्याकडे बोट दाखवता आलं असतं, पण त्यांनी दाखवलं नाही. ते मला अजून कळत नाहीये.

मग मॅडम माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या की यादीतला नंबर सतरा तुमची मुलगी आहे.

मी म्हटलं, अशक्य, तिला इंग्रजी येतं. त्या म्हणाल्या की हो, म्हणूनच मी तिला विचारलं. हीच वाक्यं तिने मला तोंडी बरोबर करून दाखवली. मग पेपरात असं का लिहिलंस म्हटल्यावर म्हणाली, बाबांनी सांगितलं होतं. मुख्याध्यापकांसमोर मात्र तेही बोलली नाही. बापाचं नाव येऊ नये यासाठी तिने कॉपीचा ठपका ऐकून घेतला.

स्पर्धेला तिच्या जागी बाकाखाली कोश घालणारा जातोय.

२० मार्च, गुरुवार

परत गोडाऊनमध्ये. मालक म्हणाले, बघून झालं. खरं तर वरची हवा मला मानवत नव्हतीच, आणि इथे टेबल मोठं आहे. हे लिहिलं आणि वाचून पाहिलं. टेबल तेवढंच आहे.

सुटताना वर गेलो. बाई 'ए'पासून सुरू करून बसल्या होत्या. कोरी स्लिप, एक शब्द, एक काम. चार हजार आठशे पुन्हा लिहायच्या आणि त्यांना निवृत्तीला दीड वर्ष आहे. मी मदत करू का म्हटलं. त्या म्हणाल्या की लिहून ट्रेमध्ये ठेवा.

पायऱ्या उतरताना लाज वाटली. इथे खोटं लिहून काय मिळणार, वाटली.

२१ मार्च, शुक्रवार. सकाळी ११.००

अर्ध्या दिवसाची रजा टाकून शाळेत गेलो. मुख्याध्यापकांना सांगितलं की चूक माझी, पत्र परत घेतो, कॉपी कोणी केलेली नाही. ते म्हणाले की सदतीस मुलांचे शून्य काढून टाकू, पालकांना कळवू. स्पर्धेचं विचारलं. म्हणाले, बस साडेआठला गेली. पत्र तुमचंच होतं, आणि फार जोरदार होतं.

संध्याकाळी ५.३०

कन्येला सगळं सांगितलं. नंबर सतरा मला माहीत नव्हता हेही सांगितलं, पण सांगतानाच कळलं की माहीत नसणं हीच तर माझी बावीस वर्षांची नोकरी. ती ऐकत होती. रागावली असती तर बरं झालं असतं.

काहीतरी बोलायचं म्हणून तिची उत्तरपत्रिका पुढे केली. दहावं वाक्य होतं 'माय फादर कॅन वर्क वेल'. तिने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : माझे वडील डबा काम विहीर. मी विचारलं, याचं खरं मराठी काय?

माझे वडील चांगलं काम करू शकतात, असं ती एका दमात म्हणाली. मग पत्रिका मला परत देत म्हणाली की वाक्य मॅडमनी काढलंय, तिने नाही.